इंजिनचं फाउंडेशन घरीच बदलायचंय, पण तिन्हींपैकी गेलंय कुठलं?

सदरबझार_सातारा

नमस्कार मंडळी. गाडी २०१२ ची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, हाताने गिअर टाकायची. गेल्या पावसाळ्यापासून गाडी जागेवर उभी असली की स्टिअरिंग आणि सीट थरथरतात. एसी लावला की डॅशबोर्डच्या कप्प्याचं झाकणसुद्धा वाजायला लागतं. यवतेश्वरच्या चढाला पहिल्यावरून दुसरा टाकून क्लच सोडला की पुढून खालच्या बाजूला 'धप्प' असा आवाज येतो आणि गिअरचा दांडा हाताला धक्का देतो. रिव्हर्स घेताना तर जास्तच.

एका गॅरेजात दाखवली. बॉनेट उघडून वरून पाहिलं आणि तिन्ही फाउंडेशन (इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ते), शिवाय क्लचप्लेट, सगळं एकदम बदला म्हणाले. हात लावून काही तपासलं नाही. मला पैशापेक्षा हेच खटकलं. याच गाडीतून आई-वडिलांना घेऊन पसरणीचा घाट चढतो-उतरतो, त्यामुळे अंदाजाने केलेलं काम नको आहे.

ब्रेक पॅड, प्लग, कूलंट ही कामं मी घरीच करतो. गोटी-पान्यांचा सेट, ट्रॉली जॅक आणि दोन घोड्या (उचललेली गाडी पेलणारे लोखंडी स्टँड) आहेत. टॉर्क पाना (मोजून ठरावीक जोराने बोल्ट आवळायचा) मित्राकडून मिळेल. प्रश्न दोन: कुठलं फाउंडेशन गेलंय हे खात्रीने कसं ओळखायचं? आणि इंजिनाचं वजन घरी सुरक्षित कसं तोलायचं?

पोवईनाका

क्लचप्लेटला हात लावू नका आत्ताच. क्लचची थरथर गाडी जागची हलतानाच येते. जागेवर उभी राहून, न्यूट्रलला थरथरते त्याचा क्लचप्लेटशी संबंध नाही. उलट फाउंडेशन ढिलं असलं की क्लच सोडताना इंजिन पुढेमागे झुलतं आणि माणसाला वाटतं क्लचच गेला.

घाटमाथा_वाई

पोवईनाका यांच्याशी सहमत. पण फाउंडेशनकडे जायच्या आधी इंजिन स्वतः नीट चालतंय का ते बघा. प्लग जुने असतील, एखादी कॉइल दगा देत असेल किंवा थ्रॉटल बॉडी काजळीने भरली असेल तरी गाडी उभी असताना हादरते. फरक कळतो: एखादा सिलिंडर मिस होत असेल तर हादरा तुटक असतो, मध्येच गचका देतो, सायलेन्सरच्या तोंडाशी कान दिला तर ताल चुकलेला ऐकू येतो. फाउंडेशनची थरथर एकसारखी, सलग असते आणि अ‍ॅक्सिलरेटर जरा दाबून आरपीएम १२०० च्या आसपास नेला की बऱ्याचदा विरून जाते.

आणि थरथर ठरावीक वेगालाच, समजा ८० लाच येत असेल आणि गिअर बदलला तरी जात नसेल तर ते चाकाचं बॅलन्सिंग किंवा एक्सल. तुमचं तसं नाही, तुमची उभ्या गाडीची आहे.

आता नेमकं कुठलं ते.

आडव्या इंजिनाच्या, म्हणजे इंजिन गाडीच्या रुंदीत बसवलेल्या, बहुतेक गाड्यांत तीन आधार असतात. ड्रायव्हर सीटवरून पाहिलं तर उजवीकडे टायमिंगच्या (टायमिंग बेल्ट किंवा चेनच्या) बाजूला एक, डावीकडे गिअरबॉक्सवर एक आणि खाली मागच्या बाजूला तिसरा. इंजिनाचं वजन मुख्यतः वरच्या दोघांवर. तिसऱ्याचं काम वजन पेलण्याचं नाही, इंजिनाला पुढेमागे लोळू न देण्याचं. बऱ्याच गाड्यांत तो दोन टोकांना बुश (धातूच्या बाहीत बसवलेलं रबर) असलेला आखूड दांडा असतो, त्याला टॉर्क रॉड म्हणतात. तुमची थरथर मला वरच्या दोघांपैकी एकाची वाटते आणि 'धप्प' खालच्या दांड्याचा. म्हणजे दोन वेगळे गुन्हेगार असू शकतात.

तपासायची पद्धत सांगतो. गाडी सपाट जागी, पुढे भिंत किंवा माणूस नको. हँडब्रेक पूर्ण, पाय ब्रेकवर गच्च. मोबाइल बाजूने इंजिनावर रोखून व्हिडिओ लावा. पहिला गिअर टाकून क्लच फक्त पकडेपर्यंत सोडा, लगेच दाबा. मग रिव्हर्सला तेच. इंजिन थोडं हलणारच, रबर त्यासाठीच आहे. पण ते उडी मारून कशावर तरी आपटत असेल तर व्हिडिओ हळू करून बघितल्यावर कुठून उचललं जातंय ते स्पष्ट दिसतं. उजवीकडचं उचललं तर उजवं, गिअरबॉक्स उचलला तर डावं. दोन्ही वर जागेवर आणि इंजिनाचा खालचा भाग पुढेमागे जातोय तर टॉर्क रॉड.

दुसरी तपासणी: इंजिन बंद आणि थंड असताना प्रत्येक रबरावर टॉर्च मारा. धातूपासून रबर सुटलंय का, भेग आरपार आहे का, रबर बसून धातूला धातू टेकलाय का. काही फाउंडेशनांत आत ग्लायकॉलसारखा द्रव असतो, ते फुटलं की खाली काळपट ओघळ दिसतो. वरवरच्या बारीक चिरा बघून घाबरू नका, त्या वयाने येतात.

तिसरी: इंजिन सुरू ठेवून, ट्रॉली जॅकवर लाकडाचा रुंद ठोकळा ठेवून चेंबरखाली (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याखाली) हलकेच टेकवा आणि किंचित वर घ्या. थरथर एकदम कमी झाली तर फाउंडेशनवर शिक्कामोर्तब. हे करताना गाडीखाली कुणी जायचं नाही आणि बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी बेल्टच्या जवळ येता कामा नये.

मिरजकर_ताई

फार उपयोगी माहिती. माझी गाडी तीन सिलिंडरची आहे आणि ती नवीन असल्यापासून उभी असताना थोडी थरथरतेच. मग माझं फाउंडेशन गेलंय हे मी कसं ओळखू?

पाडळी_काका

ताई, तुमचा प्रश्न मुळाशी जाणारा आहे. मी सातारा रोडला इंजिनांच्याच कामात आयुष्य काढलं, तर जरा विस्ताराने सांगतो.

चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेरीत दोन स्फोट होतात, तीन सिलिंडरच्या इंजिनात दीड. आरपीएम ८०० धरा. म्हणजे सेकंदाला १३.३ फेऱ्या. चार सिलिंडरचा ठोका सेकंदाला साधारण २७ वेळा, तीन सिलिंडरचा २० वेळा. शिवाय तीन सिलिंडरचं इंजिन दोन टोकांना आळीपाळीने वरखाली डुलतं, हा त्याचा स्वभावच आहे.

आता रबरावर ठेवलेल्या इंजिनाची स्वतःचीही एक नैसर्गिक झुलण्याची गती असते. येणारा ठोका या नैसर्गिक गतीच्या १.४ पटीच्या वर असला तरच रबर तो अडवायला लागतं. त्याच्या खाली रबर अडवत तर नाहीच, उलट हादरा वाढवतं. म्हणून कारखान्यात रबर पुरेसं मऊ ठेवतात, म्हणजे झुलण्याची गती खाली राहते. तीन सिलिंडरचा ठोका मुळात खालचा, त्यामुळे तिथे फरकाला जागा कमी उरते. नवी गाडी थोडी थरथरते ती यामुळे.

यातून एक गोष्ट ध्यानात येईल. फाउंडेशन फाटल्यावरच निकामी होतं असं नाही. वर्षानुवर्षं इंजिनाच्या उष्णतेत रबर कडक होतं. कडक झालं की झुलण्याची गती वर चढते, ठोक्याच्या जवळ येते आणि दिसायला धडधाकट असलेलं फाउंडेशन सगळा हादरा बॉडीत सोडतं. एसी लावल्यावर कॉम्प्रेसरचा भार येतो, प्रत्येक स्फोटाला जोर जास्त लागतो आणि आरपीएम जरा जरी खाली गेला तर ठोकाही रबराच्या गतीजवळ सरकतो. एसीला थरथर वाढते ती अशी.

ताई, तुमची खूण एकच: पूर्वीपेक्षा बदल झालाय का. नव्या गाडीत जी थरथर होती तेवढीच असेल तर काही करू नका. वाढली असेल, किंवा गिअर टाकताना आवाज नवा असेल, तर वरच्या तपासण्या करा.

जुन्या काळी आमच्याकडची विहिरीवरची डिझेल इंजिनं काँक्रीटच्या पायावर बोल्टांनी आवळलेली असायची, सगळा हादरा जमिनीत जायचा. मोटारीत तो माणसाच्या पाठीत जातो. १९३१ साली अमेरिकेत प्लिमथ गाडीत क्रायस्लरने 'फ्लोटिंग पॉवर' आणली. एक रबरी आधार पुढे उंचावर आणि एक मागे खाली, असा की दोन्हींना जोडणारी रेषा इंजिनाच्या गुरुत्वमध्यातून जावी. इंजिन त्या रेषेभोवती मोकळं डुलू दिलं आणि चार सिलिंडरची गाडी एकदम शांत झाली. आज तुमच्या गाडीत वरचे दोन आधार जिथे बसवलेत ती जागाही याच विचाराने ठरते. म्हणून मी सगळ्यांना कळकळीने सांगतो, फाउंडेशन म्हणजे नुसता रबराचा तुकडा समजून 'साइजला बसतंय ना' म्हणून दुसऱ्या गाडीचं लावू नका.

मिरजकर_ताई

काका, मनापासून धन्यवाद. इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं.

सदरबझार_सातारा

तपासण्या केल्या. प्लग काढून पाहिले, चारही एकसारखे, रंग बरोबर. थ्रॉटल बॉडी साफ केली, तिथे फरक पडला नाही.

व्हिडिओत स्पष्ट दिसलं: उजवं फाउंडेशन पहिल्या गिअरला उचललं जातंय, आणि रिव्हर्सला इंजिनाचा खालचा भाग जोरात सरकून थांबतोय. जॅकने आधार दिल्यावर थरथर जवळजवळ गेली. मग टॉर्च घेऊन नीट बघितलं. उजव्याचं रबर फुगून मऊ झालंय, बोटाने दाबलं तर काळं हाताला लागतं, एका बाजूने धातूपासून सुटलंय. टॉर्क रॉडच्या मोठ्या बुशमध्ये आरपार भेग आहे. डावं, गिअरबॉक्सवरचं, एकदम ठीक आहे.

उजव्याच्या वर टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) कडेला ओल दिसतेय. तेल तिथूनच झिरपतंय का?

घाटमाथा_वाई

हो, आणि हीच तुमच्या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. टॅपेट कव्हरचं पॅकिंग कडक झालं की तेल थेंबाथेंबाने खाली उतरतं आणि टायमिंगच्या बाजूचं फाउंडेशन बरोबर त्याच्या वाटेत येतं. फाउंडेशनला बहुधा नैसर्गिक रबर वापरतात, कारण वारंवार ताणलं तरी ते थकत नाही. पण खनिज तेल त्याचं वैरी आहे. तेल शोषून रबर फुगतं, मऊ होतं आणि धातूवरची पकड सोडतं. पॅकिंग न बदलता नवं फाउंडेशन टाकलंत तर तेही त्याच वाटेने जाईल. आधी पॅकिंग, मग फाउंडेशन.

डाव्याला हात लावू नका. चांगलं आहे ते राहू द्या.

पोवईनाका

यात भर घालतो. पावसाळ्यानंतर आपल्याकडे वॉशिंगला गाडी लावली की खालून डिझेल किंवा जुनं ऑइल फवारून देतात, गंज लागू नये म्हणून. गाडीखालचे सगळे बुश, फाउंडेशन, स्टॅबिलायझरचे रबर, सगळ्यावर ते बसतं. फवारायला लावू नका. साबणाचं पाणी पुरे. गंजाची काळजी असेल तर फक्त पत्र्यावर अंडरबॉडी कोटिंग करून घ्या आणि रबर झाकायला सांगा.

मिरजकर_ताई

अगं बाई, हे तर मी दरवर्षी करून घेते! यंदापासून बंद.

हळदबाजार_सांगली

पावणं, मधीच इचारतो. आमची पिकअप हाय, मळ्यातनं हळदीची पोती यार्डात आणायला. इंजिन उभं, म्हंजी गाडीच्या लांबीत बसवल्यालं, मागची चाकं ओढणारी. गिअरला हादरा बसतोय आन पुढनं फरफर आवाज येतोय. ह्यालाबी हीच तपासणी का?

घाटमाथा_वाई

दादा, तुमच्या गाडीत रचना वेगळी. इंजिनाच्या दोन बाजूंना दोन फाउंडेशन आणि गिअरबॉक्सखाली आडव्या पट्टीवर तिसरं. तपासणीचं तत्त्व तेच, पण तुमचा 'फरफर' आवाज मला काळजीचा वाटतोय. पंखा इंजिनाच्या बेल्टवर फिरणारा आहे का? असेल तर तो इंजिनाबरोबर हलतो आणि रेडिएटर चासीवर जागेवर असतो. फाउंडेशन बसलं की पंख्याची पाती रेडिएटरच्या आवरणाला घासायला लागतात. आणखी बसलं तर पातं रेडिएटरमध्ये घुसू शकतं. इंजिन बंद करून आवरणाच्या आत सगळीकडे घासल्याची ताजी खूण आहे का बघा. असेल तर पोती भरून गाडी काढू नका, आधी दुरुस्ती.

सदरबझार_सातारा

घाटमाथा दादा, उजवं फाउंडेशन अख्खं मिळालं. चासी नंबर देऊन मागवलं, कारण पेट्रोल आणि डिझेलचं वेगळं असतं असं दुकानदार म्हणाले. टॉर्क रॉडचा मात्र नुसता बुश मिळतोय. तो घरी बसवता येईल का? आणि मुख्य म्हणजे वजन तोलायचं नीट सांगा.

कुपवाड_लेथ

बुशचं मी सांगतो, हे आमचं रोजचं काम. घरी हातोड्याने ठोकू नका. ठोकून बसवलेला बुश तिरका जातो, बाहेरची बाही चेपते आणि आतला रबर बसवतानाच फाटतो. कुठल्याही एमआयडीसीत हायड्रॉलिक प्रेस असतो, दांडा घेऊन जा, काम थोडक्यात होतं.

जाण्याआधी घरी हे करा. जुन्या बुशमध्ये रबराला पोकळ जागा असतात, त्या कुठल्या दिशेला आहेत त्याची खूण दांड्यावर पक्क्या रंगाने करा, फोटोही काढा. त्या पोकळ्या मुद्दाम ठेवलेल्या असतात. एका दिशेला मऊ, दुसऱ्या दिशेला घट्ट राहावं म्हणून. बुश फिरवून बसला तर नवीन असूनही गाडी हादरेल. मग व्हर्नियरने नव्या बुशचा बाहेरचा व्यास आणि जुन्याचा व्यास ताडून बघा. लोकल बुश हाताने आत सरकत असेल तर घेऊ नका, तो फिरत राहणार.

प्रेसवाल्याला दोन गोष्टी सांगा: दाब बाहेरच्या बाहीवरच पडला पाहिजे, मधल्या नळीवर नाही. आणि वंगण लागलंच तर साबणाचं पाणी, ग्रीस-ऑइल नाही. जुना बुश गॅसने जाळून काढायची पद्धत काही ठिकाणी आहे, ती नको. धूर विषारी असतो आणि दांडा अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर त्याचा कस जातो.

घाटमाथा_वाई

कुपवाड भाऊंनी बुशचं छान सांगितलं. आता वजनाचं. हे शांतपणे वाचा.

जागा सपाट हवी. तुमच्या पार्किंगला पेव्हर ब्लॉक असतील तर जॅकच्या चाकाखाली जाड प्लायवूड टाका, नाहीतर भार आल्यावर ब्लॉक खचतो आणि जॅक तिरका होतो. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे. हँडब्रेक. इंजिन पूर्ण थंड. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, कारण पाना कुठेतरी सेल्फच्या तारेला लागू शकतो.

उजव्या फाउंडेशनसाठी गाडी उचलायची गरज सहसा पडत नाही. पुढून ट्रॉली जॅक आत घाला. आधी मॅन्युअलमध्ये बघा, चेंबरवर भार चालतो का. काही गाड्यांना चालत नाही, तिथे वरून आडवी सपोर्ट पट्टी लावून इंजिनाच्या उचलायच्या कडीला टांगतात. ती गॅरेजातून भाड्याने आणा, पर्याय शोधू नका. चेंबरवर चालत असेल तर मध्ये लाकडाचा रुंद, सपाट ठोकळा हवाच. पत्र्याचा चेंबर आत चेपला तर ऑइल ओढायची जाळी तळापासून फार वर नसते. तिथे अडथळा आला तर इंजिनाला तेल कमी पडेल, आणि ते नुकसान फाउंडेशनच्या कितीतरी पट मोठं.

जॅक वर घेताना डोळे रबराकडे. फाउंडेशनवरचा ताण सुटला, ते जरा सैल झालं की थांबा. इंजिन 'उचलायचं' नाही, फक्त त्याचं वजन हातात घ्यायचं. जास्त उचललं तर सायलेन्सरचा लवचीक पाइप, कूलंटचे होज, एसीच्या नळ्या आणि एक्सलचे जॉइंट, सगळ्यांवर ताण येतो.

एका वेळी एकच फाउंडेशन सोडा. हा नियम कधीही मोडू नका. बाकीचे दोन इंजिनाला जागेवर धरून ठेवतात म्हणूनच हे काम घरी शक्य आहे. सोडण्याआधी ब्रॅकेटच्या कडेने बॉडीवर रंगाची रेघ मारा, म्हणजे नवीन त्याच जागी बसेल. बोल्ट जाम असतील तर लूज ऑइल आदल्या रात्री मारून ठेवा, पण नव्या रबरावर त्याचा थेंबही नको.

नवीन बसवताना सगळे बोल्ट आधी हाताने, चिमटीने फिरवून निदान तीन-चार आटे आत गेले पाहिजेत. ब्रॅकेट बऱ्याचदा अ‍ॅल्युमिनियमचं असतं, तिरका बोल्ट पान्याने दाबला की आटे गेले. हाताने जात नसेल तर भोक जुळलेलं नाही, जॅक किंचित वर-खाली करा. बोल्ट सैल असतानाच जॅक उतरवा, इंजिन हाताने थोडं हलवून स्वतःच्या जागी बसू द्या, मग टॉर्क पान्याने शेवटचं आवळा. इंजिन टांगलेलं असताना आवळलं तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. टॉर्क रॉडच्या बुशला तर हे दुप्पट लागू.

टॉर्कचा आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या. नुसता अंदाज यावा म्हणून, ८.८ ग्रेडचा एम-१० (१० मिमी जाडीचा) बोल्ट साधारण ४५ ते ५० न्यूटन-मीटरला असतो, एम-१२ ऐंशीच्या आसपास. मॅन्युअलमध्ये बोल्ट नवीन घ्या असं लिहिलं असेल तर नवीनच.

टॉर्क रॉडसाठी खाली जावं लागेल. पुढची बाजू जॅकिंग पॉइंटवर दोन्ही घोड्यांवर ठेवा, मग गाडी हाताने दोन्ही बाजूंना हलवून बघा, हलली नाही तरच खाली. विटा, सिमेंटचे ठोकळे, रिम यांवर गाडी ठेवून खाली जायचं नाही. वीट सूचना न देता फुटते. आणि घरात कुणालातरी सांगून ठेवा की मी गाडीखाली आहे.

पाडळी_काका

घाटमाथांच्या शेवटच्या परिच्छेदाखाली माझीही सही समजा. नोकरीत जॅकवरून गाडी सरकलेली मी पाहिली आहे. जॅक उचलण्यासाठी, घोडी पेलण्यासाठी.

टॉर्क रॉडवर किती जोर येतो याची कल्पना यावी म्हणून: इंजिनाचा टॉर्क ११० न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.५ आणि फायनल ड्राइव्हचं (डिफरन्शियलच्या गिअरचं) ४ धरलं, तर एक्सलवर पंधराशे न्यूटन-मीटरच्या वर जातो. आडव्या इंजिनात गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल इंजिनालाच जोडलेले, त्यामुळे तेवढाच उलटा जोर फाउंडेशनांना पेलावा लागतो. म्हणून बुश फाटला की पहिल्या आणि रिव्हर्सलाच आवाज येतो, चौथ्याला कळतही नाही.

शाहूनगर_बायकर

मी ऐकलंय की पॉलियुरेथेनचे बुश आयुष्यभर टिकतात. सदरबझार, तेच का नाही टाकत?

कुपवाड_लेथ

टिकतात, तेलालाही दाद देत नाहीत. पण कडक असतात. गाडीचं मूळ रबर शोअर मापात (रबराचा कडकपणा मोजायचं माप) साधारण ५० ते ६० असतं, हे बुश ८० च्या आसपास येतात. काकांनी वर सांगितलेली गोष्ट आठवा, कडक म्हणजे हादरा आत. रेसच्या गाडीला ठीक. आई-वडिलांना घाटातून न्यायच्या गाडीला मी बसवून देणार नाही.

सदरबझार_सातारा

काम झालं. ज्यांना पुढे करायचंय त्यांच्यासाठी लिहून ठेवतो.

आधी टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं, कडा पुसून कोरड्या केल्या, काही दिवस गाडी चालवून पुन्हा ओल येत नाही याची खात्री केली. मगच फाउंडेशनला हात लावला.

मॅन्युअलमध्ये चेंबरखाली लाकूड ठेवून आधार द्यायला परवानगी होती. ठोकळा सागाच्या जुन्या चौकटीचा, तळहातापेक्षा रुंद. उजव्याचा ताण सुटायला जॅक अगदी थोडा वर घ्यावा लागला, इतका थोडा की रबराकडे बघत नसतो तर कळलंच नसतं. जुनं काढून नव्याशेजारी ठेवलं तेव्हा जुन्याचा मधला भाग चांगलाच खाली बसलेला दिसला. नव्याचा एक बोल्ट हाताने जाईना. जॅक केसभर खाली घेतला आणि तो बोटाने आत गेला.

टॉर्क रॉड काढून साताऱ्याच्या एमआयडीसीत प्रेसवर बुश बसवून आणला. पोकळ्यांची खूण आणि फोटो दोन्ही कामाला आले, प्रेसवाल्या मामांनीही आधी दिशा विचारली. वर बसवताना दोन्ही बोल्ट सैल ठेवून गाडी चाकांवर उतरवली आणि पुढची चाकं लोखंडी रॅम्पवर चढवून, इंजिन आपल्या जागी बसलेलं असताना शेवटचं आवळलं.

आता गाडी उभी असताना इंजिन सुरू आहे का हे टॅकोमीटरवर बघावं लागतं. एसीला किंचित फरक जाणवतो, झाकणं वाजत नाहीत. 'धप्प' पूर्ण गेला. गिअरचा दांडा स्थिर. पसरणी चढून पाचगणीपर्यंत जाऊन आलो, आई मागे झोपली होती.

क्लचप्लेट आणि डावं फाउंडेशन जुनंच आहे.

पोवईनाका

अभिनंदन! काही दिवस चालवल्यावर सगळ्या बोल्टांवर एकदा टॉर्क पाना लावून बघा. आणि प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटवर रंगाची एक रेघ ओढून ठेवा. बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसते, पाना न लावता कळतं.

सदरबझार_सातारा

पोवईनाका, रेघा ओढल्या. पांढऱ्या रंगाच्या पेनने.

हळदबाजार_सांगली

घाटमाथा दादा, तुमी म्हनला तसंच निघालं. पंख्याच्या आवरणाला खालच्या अंगाला ताजी घासल्याली खूण हाय. डाव्या बाजूचं फाउंडेशन पार बसलंय, धातूला धातू टेकलाय. गाडी २०१९ च्या म्हापुरात दारात उभी व्हती, तवापासनं बोल्ट गंजल्यालं हायती. दुसरीकडचं बरं दिसतंय. एकच बदलू का दोनी?

घाटमाथा_वाई

दादा, तुमच्या बाबतीत दोन्ही बाजूंची जोडी बदला. उभ्या इंजिनात डावं-उजवं एकाच उंचीवर इंजिन तोलतात. एक नवीन आणि एक दबलेलं असलं की इंजिन एका अंगाला कलतं, पंख्याचं अंतर पुन्हा बिघडतं. सदरबझारांच्या गाडीत डावं-उजवं वेगळ्या जातीचं आणि वेगळ्या जागी होतं, म्हणून तिथे एक ठेवलं तरी चाललं. गिअरबॉक्सखालचं काढून बघा, रबर चांगलं असेल तर राहू द्या.

पुराचं पाणी रबराला लगेच मारत नाही. पण गाळ ब्रॅकेटच्या फटीत बसतो, ओल धरून ठेवतो आणि रबर ज्या धातूला चिकटवलेलं असतं तिथे गंज शिरून जोड सुटतो. नवं बसवण्याआधी ब्रॅकेट खरवडून, तारेच्या ब्रशने साफ करा, धुऊन वाळवा, गंजविरोधी रंग लावा. गंजलेले बोल्ट परत वापरू नका, त्याच ग्रेडचे नवे घ्या. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ कोरलेलं असतं, ते वाचूनच.

तुमचं इंजिन जड आहे, घरच्या लहान जॅकवर भरवसा ठेवू नका. कुपवाड भाऊ जवळच आहेत तुम्हाला.

कुपवाड_लेथ

या की दादा. पोती उतरवून रिकामी गाडी आणा, आणि येताना हळू, आवरणाला पातं लागत असेल तर ओढून आणली तर आणखी बरं. चेन ब्लॉकला इंजिन वरून धरू, खालून काही नको. नवी फाउंडेशन घेताना जुनं हातात धरून दुकानात जा, भोकांचं अंतर ताडून घ्या.

हळदबाजार_सांगली

ट्रॅक्टरनं ओढून आणतो. सकाळीच निघतो.